भिंतीतली नीळ
(घर आणि रंग : भाग ११)

चुन्याच्या सफेदीत नीळ कशासाठी घालतात आणि ती घातलीच पाहिजे का, हा प्रश्न मागील भागानंतर इतक्या पत्रांतून आला आहे की, पडद्यांचे कापड व त्यावरील छापील नक्षी हा या आठवड्यासाठी ठरलेला विषय पुढे ढकलणे भाग आहे. प्रश्न किरकोळ दिसतो, पण कमी खर्चात खोली उजळ करू पाहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तो पडद्यांहून महत्त्वाचा आहे. पडदा खिडकीपुरता असतो, भिंत चारही बाजूंनी डोळ्यांसमोर असते, आणि भिंतीचा पांढरा चुकला की त्यापुढे टांगलेले कोणतेही कापड खुलत नाही.

नीळ समजण्यासाठी आधी चुना समजावा लागतो. चुनखडीचा दगड, किंवा कोकणपट्टीत समुद्राचे शिंपले, भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली, तर उरणारा चुना ५६ किलो भरतो. हा चुना पाण्यात सोडला की पाणी खदखदू लागते, वाफा निघतात आणि खडे फुटून लोण्यासारखा विरलेला चुना तयार होतो. भिंतीवर त्याचा हात फिरला की तो हवेतून तोच वायू पुन्हा ओढून घेतो व काही दिवसांत पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे सफेदी हा भिंतीवर चढवलेला पापुद्रा नसून भिंतीवरच नव्याने जन्मलेल्या दगडाची पातळ साय असते. तिच्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडू शकतो, म्हणून पावसाळी प्रदेशातील जुन्या घरांना ती मानवली. तैलरंगाला हे साधत नाही. ओल आत कोंडली की तो फुगतो आणि पोपडे धरतो.

मात्र हा दगड क्वचितच निखळ पांढरा असतो. चुनखडीत लोहाचा व मातीचा अंश असतो, भट्टीतील राख त्यात मिसळते, चिकटपणासाठी घातलेला डिंक किंवा सरस आपली पिवळट झाक देतो, आणि जुन्या भिंतीचा धूर व तेलकटपणा नव्या हातातूनही वर येतो. या पिवळटपणावर उपाय म्हणून नीळ घालतात. धुतलेल्या धोतराला व शाळेच्या गणवेशाला शेवटच्या पाण्यात जी नीळ दिली जाते, तीच ही नीळ आणि तत्त्वही तेच. पिवळसर दिसणाऱ्या पृष्ठभागावरून निळा प्रकाश कमी परतत असतो आणि पिवळा-तांबडा प्रकाश तुलनेने अधिक परतत असतो. नीळ त्या अधिकच्या पिवळ्या-तांबड्या प्रकाशातील थोडा भाग गिळून टाकते, त्यामुळे परतणाऱ्या सर्व रंगांची पातळी सारखी होते आणि डोळा त्याला पांढरा म्हणतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी : नीळ भिंतीला प्रकाश देत नाही, उलट तिच्याकडून थोडा काढून घेते. ताजी, बिननिळीची सफेदी तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते; नीळ घातल्यावर हे प्रमाण उतरते. भिंत अधिक पांढरी दिसते, पण खोलीतला एकूण उजेड कमी होतो. या एका गोष्टीत पुढील सर्व निर्णयांची किल्ली आहे.

या पदार्थाला नीळ हे नाव मिळाले ते त्याच नावाच्या झुडपावरून, परंतु आज पुडीत मिळणाऱ्या निळीचा त्या झुडपाशी काहीही संबंध नाही. पुडीतली भुकटी म्हणजे अल्ट्रामरीन, आणि तिची कुळकथा चुन्याच्या भट्टीशीच जोडलेली आहे. या रंगाचे मूळ रूप म्हणजे अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून निघणारा लाजवर्द नावाचा निळा दगड. तो कुटून, धुऊन मिळणारा रंग युरोपात समुद्रापलीकडून येई, म्हणून त्याला समुद्रापलीकडचा या अर्थाचे अल्ट्रामरीन हे नाव पडले. तो इतका महाग होता की चित्रकार तो मोजूनमापून वापरत. जर्मन कवी गटे १७८७ साली सिसिलीत हिंडत असताना पालेर्मोजवळच्या चुन्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर साचलेले निळे खडे त्याच्या दृष्टीस पडले आणि तेथील कारागीर ते लाजवर्दाऐवजी सजावटीत बसवतात, याची त्याने नोंद केली. १८१४ साली फ्रान्समधील सँ-गोबँ येथे सोड्याच्या भट्टीतही असाच निळा गोळा सापडला. निसर्गाने खाणीत केलेले काम भट्टीत आपोआप होत आहे, हे उघड झाल्यावर फ्रान्समधील उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने १८२४ साली स्वस्त अल्ट्रामरीन तयार करून दाखवणाऱ्यास ६००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले; ते झाँ-बाप्तिस्त गिमे याला १८२८ साली मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा हे त्यातील घटक. यांपैकी एकही निळा नाही. निळा रंग येतो तो स्फटिकाच्या पोकळीत अडकून पडलेल्या गंधकाच्या तीन-तीन अणूंच्या गटांमुळे. राजांच्या चित्रशाळेतला रंग धोबीघाटावर आणि तेथून गरिबाच्या भिंतीवर यावा, यापेक्षा मोठी गोष्ट रंगांच्या इतिहासात फारशी सापडणार नाही.

ही कथा येथे विस्ताराने सांगण्याचे व्यावहारिक कारण असे की, चुना हा अत्यंत दाहक अल्कधर्मी पदार्थ आहे आणि त्यात टिकणारे रंग मोजकेच आहेत. प्रशियन निळा त्यात विघटन पावून तपकिरी पडतो. झुडपाची नीळ उन्हात विटते. अल्ट्रामरीन मात्र चुन्यात आणि उन्हात वर्षानुवर्षे टिकते. तिचे वैर आम्लाशी आहे : चिमूटभर नीळ बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळून ठेवले, तर रंग हळूहळू उतरत जातो व कुजक्या अंड्यासारखा मंद वास येतो, तो गंधकाचा वायू असतो. बाटलीतील द्रव नीळ ही बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगापासून बनवलेली असते व ती कपड्यासाठी असते. भिंतीसाठी भुकटीच घ्यावी.

भुकटी चुन्याच्या बादलीत थेट टाकणे ही सर्वांत मोठी चूक आहे. अल्ट्रामरीन पाण्यात विरघळत नाही, तिचे कण केवळ तरंगत राहतात, आणि न फुटलेली गुठळी कुंच्याखाली सापडली की भिंतीवर हातभर लांब निळा ओघळ उठतो, जो दुसऱ्या हातानेही झाकला जात नाही. जुने रंगारी नीळ जुन्या धोतराच्या फडक्यात घालून तिची पुरचुंडी बांधतात, ती वाटीभर पाण्यात बोटांनी दाबत फिरवतात आणि फडक्यातून जेवढे निळे पाणी सुटेल तेवढेच गाळलेल्या चुन्यात थोडे थोडे ओततात. फडक्यात उरलेला चोथा टाकून देतात. बादली ढवळत राहणे हाही या कामाचाच भाग आहे. ती स्थिर राहिली की नीळ तळाशी बसते, पहिली भिंत फिकी आणि शेवटची गडद होते.

किती नीळ घालावी याचे ठरीव माप देणे शक्य नाही, कारण प्रत्येक चुन्याचा पिवळेपणा वेगळा असतो. बादलीतील रंग पाहूनही ते ठरवता येत नाही. ओला चुना करडा व अर्धपारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, याचे कारण प्रकाशाच्या वळण्यात आहे. पदार्थ प्रकाशाला किती वळवतो, हे सांगणाऱ्या संख्येस अपवर्तनांक म्हणतात; चुन्याच्या कणांचा तो सुमारे १.६, पाण्याचा १.३३ आणि हवेचा जवळपास १ असतो. कणांभोवती पाणी असेपर्यंत हा फरक थोडा असतो व प्रकाश आत शिरून जातो. पाणी उडून तेथे हवा आली की फरक वाढतो, प्रकाश विखुरला जातो आणि भिंत पांढरी होते. हे ठाऊक नसलेला नवशिका पहिला हात पाहून घाबरतो आणि चुना घट्ट करतो. असा जाड थर वाळताना तडकतो व पावडर होऊन कपड्यांना लागतो. ताकासारखा पातळ चुना, आधी पाण्याने भिजवलेली भिंत आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात, हीच पद्धत योग्य आहे.

आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळता येईल. नीळ घातलीच पाहिजे, ही समजूत ज्या काळात रुजली, त्या काळात घरात रात्रीचा उजेड समईचा, कंदिलाचा, चिमणीचा आणि पुढे पिवळ्या बल्बचा होता. प्रकाशाच्या पिवळे-निळेपणाचे एक माप आहे, त्यास रंगतापमान म्हणतात व ते केल्विनमध्ये मोजतात. आकडा लहान तेवढा प्रकाश पिवळा, मोठा तेवढा निळसर. जुना तंतूचा बल्ब सुमारे २७०० केल्विनचा, कंदिलाची ज्योत त्याहूनही खालची. अशा उजेडात बिननिळीची भिंत हळदीच्या हाताने पुसल्यासारखी दिसे आणि नीळ तिला सावरून धरी. आज बहुतेक घरांत ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब किंवा एलईडी दिवा असतो. हा प्रकाश स्वतःच निळसर आहे. त्यात निळीची भिंत आली की खोली दवाखान्यासारखी गार दिसते, माणसांचे चेहरे फिके पडतात आणि ताटातली भाजीसुद्धा रंग हरवते. पूर्वजांची नीळ योग्य होती, कारण त्यांचा दिवा वेगळा होता. दिवा बदलल्यावर भिंतीचा विचार पुन्हा करणे आवश्यक होते आणि तो फारसा कोणी केलेला नाही.

त्यामुळे निर्णय खोलीगणिक घ्यावा. पश्चिमेची मोठी खिडकी असलेल्या आणि दुपारनंतर उन्हाने भरून जाणाऱ्या खोलीत नीळ अवश्य घालावी. तेथे उजेडाला तोटा नसतो, त्यामुळे निळीने घेतलेला वाटा जाणवत नाही आणि नजरेला थंडावा मिळतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसे येत नाही, मुख्यतः आकाशाचा निळसर उजेड येतो. तेथे नीळ टाळावी. चाळीतील आतली खोली किंवा दोन इमारतींच्या फटीत उघडणारी खिडकी असेल, तर खोलीत येणारा उजेड समोरच्या भिंतीवरून उडून आलेला असतो आणि त्या भिंतीचा रंग घेऊन येतो. समोरची इमारत पिवळी असेल, तर आपल्या घराच्या पांढऱ्या भिंती दिवसभर पिवळ्या दिसतात. येथे नीळ घालण्याचा मोह होतो, पण अशा खोलीत उजेडच कमी असल्याने तो आवरावा, भिंत व छत निखळ चुन्याचे ठेवावे आणि पैसे वाचवून दिव्यावर खर्च करावेत.

ट्यूबच्या उजेडात वावरणाऱ्या खोलीसाठी निळीऐवजी चिमूटभर पिवडी हा अधिक चांगला पर्याय आहे. पिवडी म्हणजे लोहयुक्त पिवळी माती. गेरू हा तिचा तांबडा भाऊबंद. दोन्ही मातीचेच असल्याने चुना त्यांना बाधत नाही. गोवा आणि कोकणातील देवळांवर व घरांवर दिसणारी कावी कला या मैत्रीवरच उभी आहे : चुन्याचा पांढरा आणि तांबड्या मातीचा काव असे दोन थर एकावर एक देऊन, वरचा थर ओला असतानाच टोकदार अवजाराने कोरून खालचा रंग उघडा करायचा, एवढ्या दोन रंगांत वेलबुट्टी, पक्षी आणि देवदेवता उभ्या राहतात. घरच्या भिंतीवर एवढे साधणार नाही, पण खालचा अडीच-तीन फुटांचा पट्टा गेरूचा करणे कोणालाही जमते. गेरूत भिजवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची आणि उमटलेल्या सरळ रेषेखाली रंग भरायचा. पाठी, खुर्च्या आणि मुलांचे हात याच उंचीवर लागतात, म्हणून मळ लपतो, आणि वरचा पांढरा त्या तांबड्याशेजारी निळीवाचूनही पांढरा दिसतो. कारण डोळा रंग एकेकटा पाहत नाही, शेजाऱ्यासह पाहतो. खर्चाच्या मानाने खोलीचे रूप बदलणारी याहून चांगली युक्ती नाही.

तैलरंग, ऑइलबाउंड डिस्टेंपर किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. तेथे पांढऱ्या इमल्शनमध्ये रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्टेनरचे दोन-चार थेंब घालून हीच झाक साधता येते. नियम बदलत नाही : पिवळ्या दिव्याला निळी झाक, निळसर दिव्याला पिवळी. चुना घरीच विरवायचा असेल, तर लोखंडी पिंप वापरावे, आधी पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडावा, चुन्यावर पाणी कधीही ओतू नये, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असावेत आणि मुलांना दूर ठेवावे. चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

पुढील भागात पडदे येतील, ते आता आणखी लांबणार नाहीत. तोवर वाचकांनी भिंतीच्या एका कोपऱ्यात दोन वीत लांबरुंद असे तीन चौकोन रंगवावेत, एक निखळ चुन्याचा, एक निळीचा व एक पिवडीचा, आणि पूर्ण वाळल्यावर ते सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री दिव्याखाली पाहावेत; शिवाय खिडक्यांची रुंदी व उंची चौकटीच्या बाहेरून इंचांत मोजून लिहून ठेवावी, कारण पडद्यांचा सर्व हिशेब त्या मापावर होणार आहे.