बटण दाबा, बीप ऐका, मग बोला

पहाटे ४

भोंगा होतो आणि पाळी बदलते. साखर कारखान्यात पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार अशा चालतात, आणि गळीत हंगाम सुरू झाला की त्यात खंड पडत नाही. मी शेती खात्यात आहे. शिवारातली तोड आणि केन यार्डातल्या गाड्या यांचा मेळ घालणं हे माझं काम, आणि त्यासाठी लागणारे हँडसेटही माझ्याच ताब्यात असतात.

हे सेट दिसायला वॉकीटॉकीसारखे आहेत, पण आत सिमकार्ड घातलेला अँड्रॉइड फोन आहे. बाजूला एक मोठं बटण. ते दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. रात्रपाळीकडून आलेला प्रत्येक सेट मी हातात घेऊन बघतो: बॅटरी किती आहे, नेट चालू आहे का, सेट बरोबर गटावर लागलाय का. कागल बाजूचा गट वेगळा, राधानगरी बाजूचा वेगळा, आणि सगळ्यांचा मिळून एक. चुकीच्या गटावर लागलेला सेट दिवसभर गप्प बसतो आणि हातात धरणाऱ्याला वाटतं, आज काही निरोपच नाही.

पहाटे ४.४०

चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारी कारखान्याची पोरं, शिवारात पोचू लागतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उजाडायच्या आत फडात उतरतात. बीडहून आलेली माणसं, थंडीत शेकोटीपाशी चहा झाला की कोयते हातात. मी पहिली हाक देतो.

या पहिल्या हाकेला उत्तर उशिरा येतं. नवीन पोरांना वाटतं, सेट बिघडला. त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. मोबाइल वापरात नसला की बॅटरी वाचवायला त्याचा रेडिओ झोपतो आणि ठरावीक अंतराने क्षणभर जागा होऊन टॉवरकडे कान देतो, माझ्यासाठी काही आहे का? हे अंतर बऱ्याच नेटवर्कवर १.२८ सेकंदांचं ठेवलेलं असतं. मी बटण दाबल्यावर माझा फोन टॉवरशी जोडणी उभी करतो, मागणी सर्व्हरपर्यंत जाते, सर्व्हर गटातल्या सगळ्यांना हाक घालतो, आणि झोपलेला प्रत्येक फोन आपल्या पुढच्या जागेपणी ती हाक ऐकतो. एकदा सगळे जागे झाले की पुढची बोलणी झटपट होतात. म्हणून मी पहाटेची पहिली हाक फक्त जागं करायला वापरतो. "यार्ड बोलतोय, यार्ड," एवढंच. कामाचं बोलणं त्यानंतर.

सकाळी ६.१५

यार्ड भरलंय. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या पलीकडे बैलगाड्यांची रांग, वजनकाट्यावर आरडाओरड. अशा वेळी दोन चिटबॉय एकाच क्षणी बटण दाबतात.

साध्या वॉकीटॉकीवर असं झालं तर दोघांचे आवाज एकमेकांवर आदळतात आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला खरखर येते. इथे मध्ये सर्व्हर बसलेला आहे. बटण दाबणं म्हणजे बोलण्याची पाळी मागणं. ज्याची मागणी आधी पोचली त्याला सर्व्हर पाळी देतो आणि त्याच्या सेटमधून छोटी बीप येते. दुसऱ्याला नकाराचा आवाज येतो आणि पडद्यावर दिसतं, आत्ता कोण बोलतंय. बटण सोडलं की पाळी मोकळी होते. कोणी बटण दाबून धरून ठेवलं, किंवा सेट खिशात दाबला गेला, तर ठरलेल्या वेळेनंतर सर्व्हर पाळी काढून घेतो. वरच्या हुद्द्याच्या सेटला मधेच पाळी घेण्याचा अधिकार देता येतो. आमच्याकडे तो यार्डाला आहे आणि मी तो जपून वापरतो. शिवारात घाम गाळणाऱ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडायचं असेल तर कारण तसंच मोठं लागतं.

"बीप आली का रं?" हे मला रोज कुणाला तरी विचारावं लागतं. बीपच्या आधी बोललेला पहिला शब्द जातच नाही. "ट्रॉली पाठवू नका" मधला सुरुवातीचा शब्द गेला तर अजून चालेल, पण "नको पाठवू" मधला "नको" गेला तर उलटाच निरोप पोचतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे: नकाराचं वाक्य दोनदा सांगायचं.

सकाळी ९.४०

मिल थांबली. गव्हाणीच्या पुढे काहीतरी तुटलंय, दोन तास तरी जातील, असं इंजिनीअरिंगकडून कळतं.

या एका क्षणासाठी हे बोलण्याचे सेट कारखान्यात असावेत, असं माझं ठाम मत आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं आणि साखरही उतरते. ऊन जितकं कडक तितकं लवकर. वजन घटलं की शेतकऱ्याचे पैसे गेले. तोडणी मजुराची मजुरी टनावर, म्हणजे त्याचेही गेले. साखरेचा उतारा पडला की कारखान्याचं नुकसान, आणि कोल्हापूर जिल्हा तर चांगल्या उताऱ्यासाठीच ओळखला जातो. मिल बंद असताना फडात कोयता चालू राहिला तर प्रत्येक मिनिटाला हे नुकसान वाढतं.

मी सगळ्यांच्या गटावर बटण दाबतो. बीप.

"सगळ्यांनी ऐका. मिल बंद. नवी तोड लावू नका, नवी तोड लावू नका. तोडलेला माल भरून घ्या. वाटेतल्या गाड्या येऊ द्यात. ओव्हर."

मग एकेक जण आपलं गाव सांगून पोच देतो. "मुरगूड, समजलं." "सरवडे, समजलं सायेब. हितं एक ट्रॉली निम्मी भरलीया, ती पुरी करतो." एका टोळीच्या मुकादमाचा आवाज चिटबॉयच्या सेटवरून येतो, तो विचारतो की टोळीनं बसून राहायचं का. मी सांगतो, बांधणी आणि वाढ्यांचं काम उरकून घ्या.

या निरोपासाठी आधी फोन लावावे लागायचे. एकाला लावला, तो दुसऱ्याशी बोलतोय. दुसऱ्याला लावला, तो रेंजबाहेर. तिसरा उचलतो आणि आधी आपलं गाऱ्हाणं सांगतो. शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर ट्रॉल्या भरून रस्त्याला लागलेल्या असायच्या. नंतर भांडण ठरलेलं, मला कुणी सांगितलंच नाही. आता तेच शब्द, त्याच आवाजात, सगळ्यांच्या कानात जवळपास एकाच वेळी पडतात, आणि कुणी पोच दिली नाही तेही तिथल्या तिथे कळतं.

आत काय घडतं तेही सांगतो. फोनवरच्या साध्या कॉलमध्ये दोघांसाठी दोन्ही बाजूंचा मार्ग बोलणं संपेपर्यंत राखून ठेवलेला असतो. इथे माझा आवाज एकाच दिशेने जातो. फोन त्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे, आणि प्रत्येक तुकडा आवळून इंटरनेटच्या पाकिटात घालतो. माझ्याकडून एकच प्रवाह वर जातो. सर्व्हर त्याच्या प्रती काढून गटातल्या प्रत्येक सेटला पाठवतो. मोबाइलवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या आवळण्याच्या एका पद्धतीत सेकंदाला १२.२ किलोबिट लागतात; त्या हिशेबाने मिनिटभराचं बोलणं ९० किलोबाइटच्या आसपास, वर पाकिटांच्या पत्त्यांचं ओझं. जिथे व्हिडिओ उघडत नाही तिथेही हा आवाज जातो तो यामुळे.

दुपारी १२

पाळी संपली, पण मी राधानगरी बाजूला निघतो. तिकडचा एक सेट सकाळपासून तुटक बोलतोय.

भोगावतीच्या काठाने जाताना ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेला असतो. पुढे डोंगर सुरू झाले की टॉवर लपतात. मोबाइल नेटवर्कवरच्या वॉकीटॉकीची ताकद आणि उणीव दोन्ही इथे दिसतात. साधा हातातला वायरलेस सेट काही किलोमीटर बोलतो. जास्त हवं तर डोंगरावर रिपीटर बसवावा लागतो आणि केंद्राच्या दूरसंचार खात्याकडून परवाना घ्यावा लागतो. आमच्या सेटला अंतराचं बंधन नाही. बीडमधल्या मुकादमाशीही मी इथून बोलू शकतो. मात्र टॉवरची सावली पडली की शेजारच्या फडातल्या माणसाशीही बोलता येत नाही, कारण त्याच्यापर्यंतचा रस्तासुद्धा दूरच्या सर्व्हरवरून जातो.

बटण दाबून बोलण्याची ही सोय तशी जुनी. अमेरिकेत नेक्स्टेल कंपनीने ती १९९० च्या दशकात बांधकामावरच्या आणि मालवाहतुकीतल्या लोकांत रुजवली. तिचं जुनं नेटवर्क २०१३ मध्ये बंद झालं. आपल्याकडे सीडीएमएच्या काळात टाटा इंडिकॉमनेही असं बटण फोनवर आणलं होतं. उसाच्या धंद्यात निरोप लवकर पोचवण्याची धडपड मात्र आपल्याच जिल्ह्यात त्याहून निराळ्या वाटेने झाली. वारणानगरला १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला आणि आसपासच्या सत्तरेक गावांना संगणकाने कारखान्याशी जोडायचं ठरलं, म्हणजे शेतकऱ्याला आपल्या उसाची, वजनाची, खताची माहिती गावातच मिळावी. पुढच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्याच भागातल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसने तेच काम करून दाखवलं. शेतकऱ्याला माहितीसाठी हेलपाटा पडू नये हा त्या कामामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

तुटक बोलणारा सेट हातात घेतल्यावर कळतं, बिघाड सेटमध्ये नाही. चिटबॉय ओढ्याच्या खळग्यात उभा राहून बोलत होता. "भावा, बांधावर चढून बोल," एवढ्यात काम होतं.

दुपारी ४

तिकडचाच आणखी एक सेट गप्प असतो, त्याचं कारण वेगळंच निघतं. फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अॅप स्वतःहून बंद करतो. बोलण्याचं अॅप सर्व्हरशी थोड्या थोड्या वेळाने संपर्क ठेवून असतं, तेवढ्यावर त्याचं अस्तित्व टिकतं. फोनने तेच झोपवलं की हाक पोचत नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपला बॅटरी बचतीतून वगळावं लागतं. नवा सेट देताना मी हे पहिल्यांदा करतो, तरी अपडेट आलं की पुन्हा तपासावं लागतं.

संध्याकाळी ७

अंधार पडला की गावं ऑनलाइन येतात. टॉवरवर गर्दी होते आणि आमची बीप रेंगाळते. आमचं बोलणं टॉवरच्या दृष्टीने इतर इंटरनेटसारखंच आहे, क्रिकेटच्या व्हिडिओच्या रांगेत उभं असलेलं.

याला उपाय आहे आणि तो लिहून ठेवलेलाही आहे. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २०१६ मध्ये पोलीस, अग्निशमन, आपत्ती निवारण यांच्यासाठी या बोलण्याचं वेगळं मानक आणलं. बटण दाबल्यापासून बोलण्याची परवानगी १०० पैकी ९५ वेळा ३०० मिलिसेकंदांच्या आत मिळाली पाहिजे, अशी त्यात अट आहे. फोरजीमध्ये या आवाजासाठी वेगळा दर्जा राखलाय, त्यामुळे टॉवर त्याला गर्दीतून पुढे काढतो. पण तो दर्जा नेटवर्क कंपनीनेच द्यावा लागतो. अॅप उतरवून घेतलं म्हणून मिळत नाही.

आणि टॉवरच बंद पडला तर? ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, आणि शिरोळ तालुक्यातली माणसं छपरांवर असताना हातातले फोन मुके झाले. २०२१ मध्ये महापूर पुन्हा आला.

रात्री ८

सेट मोजून रात्रपाळीच्या स्वाधीन करतो.

रोजच्या कामाला मोबाइलवरचं बटण उत्तम आहे आणि प्रत्येक कारखान्याने, दूध संघाने ते वापरावं, असं मी आग्रहाने सांगेन. पण पंचगंगा, कृष्णा, वारणेच्या काठावरच्या संस्थांनी फक्त त्याच्यावर विसंबू नये. ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले अर्ध्या वॅटचे सेट २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात. छपरावरून छपराकडे बोलायला ते पुरतात. लांबचं बोलायला परवान्याचे वायरलेस सेट लागतील. त्यांच्या परवान्याचा अर्ज जून उजाडायच्या आत करा, आणि ते चालवायला गावातली दोन माणसं आत्ताच शिकवून ठेवा.