रुग्णभेट : सौजन्य आणि शास्त्र

आजारी माणसास भेटावयास जाणे हे आपल्या समाजात कर्तव्य मानले जाते. इंदूरसारख्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे एकमेकांना धरून राहिली आहेत. एखाद्या घरातील व्यक्ती रुग्णालयात दाखल झाल्याची वार्ता सायंकाळपर्यंत सर्वांकडे पोहोचते आणि भेटीच्या वेळी खाटेभोवती गर्दी होते. या आपुलकीविषयी मला आदरच आहे. तथापि भेटीमुळे रुग्णास लाभ कसा होतो आणि अपाय कसा होतो, याचा विचार क्वचितच केला जातो. डॉक्टर या नात्याने आणि एका रुग्णाचा भाऊ या नात्याने मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीस गुइलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) झाला होता. १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये या विकाराचे वर्णन केले. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात त्याचे अनेक रुग्ण आढळले आणि हे नाव घरोघरी पोहोचले. जुलाब वा श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो आणि सुमारे चतुर्थांश रुग्णांना व्हेंटिलेटरची गरज लागते. मेंदू मात्र शाबूत असतो. रुग्ण हलू शकत नाही, नळीमुळे बोलू शकत नाही. पण त्यास ऐकू येते, समजते आणि पुढे आठवतेही.

ताईच्या खाटेशी उभे राहून काही मंडळी हलक्या आवाजात बोलत असत : ‘आता काही खरे नाही’, ‘मुलीच्या लग्नाचे कसे होणार?’ गळ्यातील नळी निघाल्यावर ताईने ही वाक्ये आम्हांस एकामागून एक म्हणून दाखविली. म्हणून पहिला नियम असा की, रुग्ण डोळे मिटून निश्चल पडला असला, तरी तो ऐकत आहे असे समजूनच बोलावे.

दुसरी गोष्ट मातृभाषेची. ताईसाठी आम्ही वर्णमालेचा तक्ता केला होता. प्रथम क, च, ट, त, प यांपैकी वर्ग दाखवायचा, मग अक्षर; योग्य ठिकाणी ती पापणी मिटत असे. लिपी देवनागरी असल्याने हिंदीभाषी परिचारिकांनाही तो वापरता येई. एके दिवशी तिने ‘पाठ’ हा शब्द जुळविला. परिचारिकेने मोठ्या श्रद्धेने विचारले, ‘रामायण का पाठ सुनना है?’ माझ्या भाचीच्या मात्र तत्काळ लक्षात आले की, आईची पाठ दुखते आहे. या विकारात पाठदुखी तीव्र असते. कूस बदलली, वेदनाशामक दिले आणि ताई त्या रात्री शांत झोपली. रुग्णाची भाषा जाणणारे माणूस जवळ असणे हे असे उपयोगी पडते.

अतिदक्षता विभागात दिवस-रात्रीचे भान हरपते आणि अनेक रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, भ्रम होतो. अशा वेळी चष्मा व श्रवणयंत्र लावून द्यावे, समोर घड्याळ असावे आणि ‘आज गुरुवार, सकाळचे दहा वाजले’ असे सहज सांगावे. भेटीच्या वेळा सैल केल्यास संसर्ग वाढेल अशी भीती असते. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसर्ग वाढल्याचे दिसले नाही. भ्रमाचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, परंतु नातलगांची चिंता मात्र कमी झाली. अर्थात तेथे एक-दोन आप्त दीर्घकाळ बसत. आपल्याकडील घोळक्याशी त्याची तुलना नको. जीबीएसमध्ये रक्तदाब व हृदयाची लय अस्थिर असू शकते. गलबला झाल्यास ती अधिकच बिघडण्याचा संभव असतो.

काही पथ्ये थोडक्यात सांगतो. आत जाताना व बाहेर येताना हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवावेत किंवा निर्जंतुक द्रवाने २० ते ३० सेकंद चोळावेत. सर्दी-खोकला असल्यास जाऊ नये. विचारल्याशिवाय तीर्थाचा थेंबही तोंडात घालू नये. गिळण्याची शक्ती क्षीण असल्यास तो श्वासनलिकेत उतरतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते; मूत्रपिंडाच्या रुग्णास ते घातक ठरू शकते.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. भेटीस येणाऱ्यांची रीघ पहिल्या आठवड्यात लागते आणि नंतर आटते. परंतु मज्जातंतूचा गाभाच नष्ट झाला असेल, तर तो दिवसाला साधारण १ मिलीमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मोजले, म्हणजे बरे होण्यास महिने का लागतात ते कळेल. तिसऱ्या महिन्यात व्यायामाचा कंटाळा येतो, रात्री रडू कोसळते आणि शुश्रूषा करणारा माणूसही थकलेला असतो. त्या वेळी अर्धा तास वृत्तपत्र वाचून दाखविणारा, ‘वहिनी, तुम्ही घरी जाऊन दोन घास खाऊन या, मी बसतो’ असे म्हणणारा माणूस दहा औषधांच्या तोडीचा असतो. समाजबांधवांना माझी विनंती एवढीच की, पहिल्या दिवशी गर्दी करण्याऐवजी आपसांत वार वाटून घ्यावेत आणि रुग्ण स्वतःच्या पायांनी चालू लागेपर्यंत ते पाळावेत.