तांब्याचा मनोरा, तीन लाख दगड

सिएम रीप, कंबोडिया



घनसावंगीहून निघताना जो तो एकच सांगत होता, "अंगकोर वाट बघून ये." बघितलं. पण पत्र त्याच्यावर लिहीत नाही. ते देऊळ इथल्या झेंड्यावर आहे, बिअरच्या बाटलीवरही आहे. त्याचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. लिहायचंय ते बाफुओनबद्दल.

सकाळी रेमोर्क ठरवली. रेमोर्क म्हणजे मोटरसायकलला जोडलेला छपराचा गाडा. चालवणारा मला 'बोंग' म्हणतो. इथे दादालाही बोंग आणि ताईलाही बोंगच. दारात उतरवताना म्हणाला, "बोंग, मागच्या बाजूला बुद्ध झोपलाय. सापडतो का बघ." सत्तर मीटरचा बुद्ध शोधावा कशाला लागेल, असं मनात म्हणत मी आत गेलो.

अंगकोर थोम या तटबंदीच्या राजधानीत, जुन्या राजवाड्याच्या दक्षिण अंगाला हे देऊळ. राजा दुसरा उदयादित्यवर्मन याने अकराव्या शतकाच्या मध्याला ते शंकरासाठी उभारलं. पूर्वेकडून बुटक्या गोल खांबांवर उचललेली दोनेकशे मीटरची दगडी वाट येते, मग एकावर एक चढत जाणारे चौथरे. वरचं शिखर केव्हाच ढासळलं. गोपुरांवर लहान लहान चौकटींत शिल्पं आहेत: रामायण, महाभारत, मधेच एखादा शिकारी. खालून वर वाचत जावं अशी चित्रकथाच.

आपल्या हेमाडपंती देवळांसारखा इथेही चुना नाही. दगड दगडावर घासून सांधे बसवलेले. बऱ्याच दगडांना बोट जाईल एवढी गोल भोकं दिसतात. त्यांत लाकडी खुंट्या ठोकायच्या, दोर बांधायचे आणि दगड उचलायचा, अशी ती सोय. एका भोकात मुंग्यांनी बिऱ्हाड केलं होतं.

सगळी गोम मात्र पोटात आहे. बाहेर घडीव दगड आणि आत वाळूचा भराव. पावसाळ्यात पाणी मुरलं की भराव जड होऊन भिंती बाहेर रेटतो. १९४३ साली मोठा भाग कोसळला. तेव्हा फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने १९६० पासून देऊळ उलगडून पुन्हा रचायचं ठरवलं. सुमारे तीन लाख दगड उतरवले, एकेकाला क्रमांक दिला, आजूबाजूच्या रानात ओळीने मांडून ठेवले. कुठला दगड कुठला, हे सगळं कागदावर. मग यादवी पेटली, काम थांबलं, आणि १९७५ मध्ये ख्मेर रूजची राजवट आली तेव्हा ते कागद नष्ट झाले. दगड राहिले, वही गेली. पुढे वीस वर्षं रानानेच ते सांभाळले.

१९९५ मध्ये पास्काल रोयेर या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम परत सुरू झालं. हाताशी जुने फोटो, जाणती माणसं आणि दगडांची स्वतःची घडण. चुना नसल्यामुळे प्रत्येक दगडाची जागा एकच. शेजाऱ्याशी सांधा जुळला तर बसतो, नाहीतर नाही. जुळवाजुळव २०११ पर्यंत चालली. आत आता वाळूला धरून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या भिंती आहेत. काहींना ते खटकतं. मला नाही खटकलं. पाडून पुन्हा तीच चूक बांधण्यात कसला आलाय प्रामाणिकपणा?

हे देऊळ धडधाकट असताना कसं दिसायचं, ते सांगणारा एक वार्ताहर होता. झोऊ दागुआन हा चिनी दूतमंडळाबरोबर १२९६ मध्ये इथे आला आणि वर्षभर राहिला. त्याच साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली आणि अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला. बाफुओनला झोऊ 'तांब्याचा मनोरा' म्हणतो. शेजारच्या राजवाड्यातल्या फिमेआनाकास या देवळाची (नाव उकलून बघा: विमान, आकाश) लोकांनी त्याला सांगितलेली गोष्टही त्याने लिहून ठेवली: वर नऊ फण्यांचा नाग राहतो, रोज रात्री बाईचं रूप घेतो आणि राजाला आधी तिच्याकडे जावं लागतं. पण मला त्याचा बाजार जास्त आवडला. दुकानं नाहीत, जमिनीवर चटई, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि सगळा व्यापार बायकांच्या हाती. आज इथल्या बाजारात चटईच्या जागी प्लॅस्टिक आलंय. तराजू बायकांच्याच हातात आहे.

तो राजवाडा लाकडाचा होता. आज तिथे तट, तळी आणि झाडी. दगड देवांसाठी, राजालासुद्धा लाकूडच.

बुद्ध राहिलाच. पश्चिम भिंतीला हात लावून मी दोनदा फिरलो, नुसते दगड दिसले. सोळाव्या शतकात, देश बौद्ध झाल्यावर, शंकराच्या शिखराचे दगड आणून ही मूर्ती रचली आणि अर्धीच सोडली. जुळणी करणाऱ्यांनी शिखरासाठी ती मोडली नाही. शेवटी कंटाळून खाली उतरलो, मैदानात बराच मागे गेलो, वळलो. आधी नाक दिसलं, मग हनुवटी, मग पूर्ण भिंतच आडवी झाली.

बाहेर आलो तर रेमोर्कमध्येच झोळी बांधून आमचे सारथी झोपलेले. एक डोळा उघडून म्हणाला, "सापडला?"

"लांब गेल्यावर," मी म्हणालो. तो हसला आणि झोळी सोडायला लागला.