अग्निशामक घडतो कसा?

आग दिसली म्हणजे मनुष्य पाण्याकडे धावतो. परंतु बालाघाट जिल्ह्यातील परसवाड्यासारख्या वनप्रदेशाचा अनुभव निराळा आहे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात. तो वणवा होऊन पसरू लागला, की हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवावा लागतो. हवा तोडली अथवा जळण काढून घेतले, की पाण्यावाचूनही आग मरते. अग्निशास्त्राचे पहिले सूत्र ते हेच.

प्रत्येक आग मात्र इतकी सरळ नसते. पेटलेल्या तेलावर पाणी ओतले, तर ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडवते. विजेच्या आगीवर धार मारणाऱ्यालाच धक्का बसण्याचा संभव असतो. कापसाची गासडी वरून विझली, तरी आत धुमसत राहते. तेव्हा केवळ धाडस पुरत नाही; काय जळते आहे, हे ओळखण्याची विद्या लागते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापूस आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. जवान अखेरपर्यंत पाणी मारीत राहिले. चारच्या सुमारास स्फोट झाला. ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या शौर्यात उणे काही नव्हते. पण माल भरताना झालेली चूक पाण्याच्या धारेने पुसता येत नाही. म्हणूनच आगीचा संभव आधी हेरणे, हेही या शिक्षणाचे अंग मानले जाते. १४ एप्रिल हा आज अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या विद्येचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५६ साली रामपूरला निघाले आणि पुढल्याच वर्षी नागपूरला आले. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. परसवाड्याच्या मुलाला ते परके नाही. येथे अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रम आणि अग्निअभियांत्रिकीची पदवी आहे. पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन व गणित हवे. महाराष्ट्रात दहावीनंतर अग्निशामकाचा सहा महिन्यांचा वर्गही असतो. अन्य राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. ते आधी पाहून घ्यावेत.

शिडी चढणे, दोराच्या गाठी, श्वसनयंत्र, धुरात जमिनीलगत सरपटणे, बेशुद्ध माणसाला खांद्यावरून उतरविणे, प्रथमोपचार, या गोष्टी अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतात. कारण ज्वालांसमोर विचार करावयास अवधी नसतो. त्या क्षणी हात जे करतो, ते आधी शिकलेलेच असते.