टीव्ही-मोबाईल बंद उपक्रम (मोहित्यांचे वडगाव)

टीव्ही-मोबाईल बंद उपक्रम हा महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून सुरू केलेला सामूहिक उपक्रम आहे. यात दररोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजताच गावातील दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद केले जातात आणि ८.३० वाजता दुसरा भोंगा झाल्यावर ते पुन्हा सुरू करता येतात. समाजमाध्यमांच्या अतिवापराला व्यक्तीऐवजी संपूर्ण गावाने उत्तर शोधल्यामुळे हा उपक्रम देशभर चर्चिला गेला.

== पार्श्वभूमी ==
सुमारे ३,००० लोकसंख्येच्या या गावात प्रामुख्याने शेतकरी व साखर कारखान्यातील कामगार राहतात. कोविड-१९ महासाथीच्या काळात शाळा बंद असल्याने मुलांचे शिक्षण भ्रमणध्वनीवरून सुरू झाले आणि एरवी मुलांच्या हाती न दिले जाणारे हे साधन घरोघरी त्यांच्या स्वाधीन झाले. शाळा पुन्हा भरू लागल्यावरही ही सवय सुटली नाही. घरी परतलेली मुले भ्रमणध्वनीत किंवा दूरचित्रवाणीत गुंतून राहत. प्रौढांमधील परस्परसंवादही कमी झाल्याचे ग्रामस्थांच्या लक्षात आले होते.

== निर्णय व अंमलबजावणी ==
ही कल्पना प्रथम मांडली गेली, तेव्हा गावातील पुरुषांनी ती थट्टेवारी नेली. त्यानंतर ग्रामपंचायतीने महिलांना एकत्र बोलावले. आपणही मालिकांमध्ये बराच वेळ घालवतो हे मान्य करून महिलांनी प्रस्तावाला संमती दिली. १४ ऑगस्ट २०२२ रोजी झालेल्या ग्रामसभेत निर्णय झाला व दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, तो अमलात आला. तेव्हा विजय मोहिते गावाचे सरपंच होते. भोंगा गावातील मंदिरावर बसवण्यात आला. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी व ग्रामस्थांचे गट घरोघरी फिरून संच बंद करण्याची विनंती करत असत. या दीड तासात मुलांनी अभ्यास व वाचन करावे आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा आहे.

== मानसशास्त्रीय संदर्भ ==
समाजमाध्यमांचा मनावरील परिणाम केवळ वापराच्या कालावधीवर अवलंबून नसतो. इतरांच्या निवडक, सजवलेल्या आयुष्याशी स्वतःची तुलना, रात्रीच्या वापराने होणारी झोपमोड, ऑनलाइन छळ आणि प्रत्यक्ष सहवासात होणारी घट ही परिणामांची प्रमुख वाट मानली जाते. पसंती किंवा संदेश केव्हा येईल हे अनिश्चित असल्यामुळे वापरकर्ता वारंवार पडदा पाहतो. न संपणारी सरकती पाने त्याला थांबण्याची जागाच ठेवत नाहीत. याउलट, दूर असलेल्या नातलगांशी संपर्क किंवा समदुःखी व्यक्तींचा आधार यांसारखे लाभही याच माध्यमांतून मिळतात.

एकट्याने ही माध्यमे सोडणे कठीण जाते, कारण मित्रमंडळी तेथेच असतात आणि आपण काहीतरी मुकतो आहोत अशी रुखरुख लागते. सर्वांनी एकाच वेळी थांबल्यास या रुखरुखीचे कारणच उरत नाही. भोंग्याची उपयुक्तता यावरून समजते.

अमेरिकेत २०१८ साली झालेल्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना चार आठवडे फेसबुक खाते बंद ठेवण्यास सांगण्यात आले. त्यांच्या मानसिक स्वास्थ्यात अल्प, परंतु मोजता येण्याजोगी सुधारणा आढळली. मोकळा झालेला वेळ काही प्रमाणात कुटुंब व मित्रांसोबत, तर काही प्रमाणात एकट्याने दूरचित्रवाणी पाहण्यात गेला. ताज्या घडामोडींविषयीची त्यांची माहिती मात्र कमी झाली. वडगावने भ्रमणध्वनीबरोबर दूरचित्रवाणीही बंद ठेवल्यामुळे एका पडद्यावरून दुसऱ्याकडे वळण्याचा मार्ग राहिला नाही.

== मर्यादा ==
दीड तासाचा विराम हा उपचार नव्हे. भोंगा रात्री उशिरापर्यंत चालणारा वापर थांबवत नाही. झोपेवर होणारा परिणाम तर प्रामुख्याने त्याच वेळचा असतो. सतत उदासी, चिडचिड, अभ्यासात किंवा कामात घसरण अशी लक्षणे असल्यास तज्ज्ञांची मदत आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळांच्या व्यसनाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान आहे, समाजमाध्यमांच्या व्यसनाला नाही. बंगळूर येथील निमहान्स या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र चिकित्सा केंद्र चालवले जाते. भारत सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

== अन्य प्रयत्न ==
नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालील मुलांना भ्रमणध्वनी वापरण्यास बंदी केली. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये संमत केलेला, १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. हे दोन्ही निर्बंध केवळ मुलांपुरते आहेत. मोहित्यांचे वडगावचा नियम वेळेने मर्यादित असला, तरी तो लहानथोर सर्वांना सारखाच लागू होतो.