आळीतील रस्त्याचा धनी कोण?

चौलचे नाव इतिहासात येते ते बंदर म्हणून. अरब प्रवासी त्यास सैमूर म्हणत. पंधराव्या शतकात निकितीन नामक रशियन व्यापारी विकावयास आणलेला घोडा घेऊन येथेच उतरला. तो घोडा त्याने कोणाच्या दारात बांधला व त्यावरून शेजाऱ्यांत काय बोलाचाली झाली, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. हल्ली शनिवार-रविवारी आमच्या पाखाड्यांत जी वाहने उतरतात, त्यांच्यावरून होणारी बोलाचाली मात्र रोज ऐकावी लागते.

मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास वाहने वाहून आणणारी बोट सुरू झाली आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई आता हाकेच्या अंतरावर आली. रामेश्वराच्या दर्शनास, भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगरास, रेवदंड्याच्या किनाऱ्यास लोक येतात, त्याचा आम्हांस आनंदच आहे. घरगुती खाणावळी व राहावयाच्या खोल्या यांवर कित्येक घरांचा संसार चालतो. परंतु आमच्या आळ्या दोन गडग्यांच्या मधून गेलेल्या. समोरून बैलगाडी आली म्हणजे दुसरीने कोठे तरी आगराच्या बेड्याशी थांबावे, एवढीच त्यांची रुंदी. तेथे एक मोटार उभी राहिली की रस्ता संपला. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंना खुर्चीत बसवून चौघांनी मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागले. रुग्णवाहिका आळीच्या तोंडाशी अडकून राहिली होती.

मग तक्रार कोणाकडे करावयाची? येथे खरी मौज आहे. ग्रामपंचायतीत जावे तर उत्तर मिळते, वाहने हटविणे हे पोलिसांचे काम. पोलिसांकडे जावे तर, आळी पंचायतीची आहे, तेथे मनाईची पाटी कोठे आहे? आणि मोठ्या रस्त्याची गोष्ट काढली, तर दोघेही बांधकाम खात्याकडे बोट दाखवितात. कोणीही खोटे बोलत नाही, हे यातील विशेष.

आम्ही जन्मभर व्याकरण शिकविले, त्यामुळे कायद्याचे कलम वाचताना शब्दांवर अडखळण्याची खोड आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या 53 व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर भिंत, कुंपण, ओटा बांधणारास, तसेच पेटी, गासडी, माल वा ‘अन्य कोणतीही वस्तू’ ठेवणारास पन्नास रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तोही अपराध सिद्ध झाल्यावर. आता मोटार ही ‘अन्य वस्तू’ काय? पेटी-गासडीच्या पंक्तीत तिला बसवावे, तर ती स्वतः चालते. आणि बसविली तरी, पन्नास रुपयांना भिऊन मोटार हलविणारा गृहस्थ आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. वाहन ओढून नेण्याचा अधिकार 1988 च्या मोटार वाहन कायद्याने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास दिला. जिल्ह्यात रहदारीचे नियम करण्याचा अधिकार 1951 च्या पोलीस कायद्याने जिल्हादंडाधिकाऱ्यास दिला. रस्ता एकाचा, नियम दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचा!

शहरांतही याहून निराळे नाही. जुलै 2019 मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या वाहनतळांच्या आसपास बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांस पाच हजारांपासून पुढे दंड लावला. त्याच रस्त्यावर, त्याच अपराधास वाहतूक पोलिसांचा दंड काही शेकड्यांचा होता. एका अपराधास दोन तराजू! पुण्यात मार्च 2018 मध्ये पालिकेने वाहनतळाचे धोरण मंजूर केले, तेही गाजावाजा होऊन पाच रस्त्यांपुरते उरले, आणि पुढे तेवढ्यांवरही वसुली सुरू होईना.

लंडनमध्ये 1991 च्या कायद्याने हे काम पोलिसांकडून काढून तेथील बरो कौन्सिलांकडे सोपविले. भांडण तेवढ्याने मिटले असे नव्हे. त्याचे रूप बदलले. बार्नेट नावाच्या कौन्सिलने रहिवाशांच्या परवान्याची फी 40 पौंडांवरून 100 वर नेली. एका रहिवाशाने दावा लावला आणि जुलै 2013 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ठरविले की, हा अधिकार रहदारी सुरळीत ठेवण्यासाठी आहे, तिजोरी भरण्यासाठी नव्हे. हा निकाल आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडील बहुतेक तंट्यांत रस्ता कोणी मोकळा करावा यापेक्षा पावती कोणी फाडावी, याचीच चर्चा अधिक असते. आमच्या आळीत पावती फाडण्याजोगे उत्पन्न नाही, म्हणून तेथे तंटाही नाही आणि व्यवस्थाही नाही.

वाचकांपैकी पुष्कळांचे चिरंजीव पुण्या-मुंबईस असतात, आणि गणपतीत चारी भावांच्या चार मोटारी एकाच आळीत येतात. पाहुण्यांस नावे ठेवणाऱ्यांनी हेही मनात धरावे. आगरातील एखादी मोकळी जागा झावळ्या उचलून साफ केली, तर त्या चारही आत राहू शकतात.

परंतु एवढ्यावर भागणार नाही. मोटार वाहन कायद्याचे 117 वे कलम म्हणते की, वाहने कोठे उभी राहावीत ते राज्यशासनाने अथवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावे. म्हणजे ज्या बैठकीत हे ठरावयाचे, तीत गावासाठी एक पाट आधीच मांडलेला आहे. त्यावर कोणी जाऊन बसत नाही, एवढेच. ग्रामसभेने ठराव करून कोणती आळी पूर्ण मोकळी, कोठे एका बाजूस मुभा, यात्रेकरूंच्या गाड्या कोणत्या माळावर, हे नकाशासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे आणि पोलिसांकडून त्याची पोच घ्यावी. मार्गशीर्षी पौर्णिमेस दत्तजयंतीची यात्रा भरते. त्याआधीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, असा लेखी अर्ज आमच्या पाखाडीतील काही गृहस्थांनी तयार केला आहे. त्यावर सह्या मिळविण्याचे काम स्त्रियांनी अंगावर घेतले असून, पहिली सही त्या खुर्चीतून गेलेल्या बाईंनी केली आहे.