घरांत शिरलेलें वटवाघूळ आणि रेबीजची लस

रनाळ्यासारख्या गांवीं तिन्हीसांजेला दिवे लागले कीं उजेडाभोंवतीं किडे जमतात, आणि किड्यांच्या मागें एखादें लहान वटवाघूळ उघड्या खिडकींतून घरांत शिरतें. मग एकच धांदल उडते. कोणी केरसुणी उगारतो, कोणी अपशकुन म्हणतो. तें निघून गेल्यावर मात्र आईबापांच्या मनांत निराळाच प्रश्न उरतो: मुलाला चावलें तर नसेल ना? लस टोचून घ्यावी काय? अपशकुनाची गोष्ट आम्ही सोडून देतों. दुसरा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. वटवाघूळ हा पक्षी नव्हे, पिलांस दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, आणि रेबीज हा सस्तन प्राण्यांचाच रोग होय. चिमणी घरांत आल्यानें जी शंका येत नाहीं ती येथें येते, ती यामुळें.

रेबीजचा विषाणू रोगी जनावराच्या लाळेंत असतो. चाव्यावाटें वा ओरखड्यावाटें तो शरीरांत उतरतो आणि मज्जातंतूंच्या मार्गानें मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा कांहीं आठवडे, कधीं महिने लागतात. लसीचा सारा उपयोग याच मुदतींत. पाण्याची भीति, गिळतांना घशास आचके, अशीं लक्षणें दिसूं लागलीं कीं रोगी वांचणें जवळजवळ अशक्य. ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस देवविली, तेव्हां पिसाळलेला कुत्रा चावून त्याला दोन दिवस झाले होते. मुलगा वांचला.

वटवाघळाच्या बाबतींत अडचण ही कीं, त्याचे दांत फार बारीक असतात. कुत्र्याचा चावा कोणासहि दिसतो. वटवाघळाचा चावा निजलेल्या माणसास जाणवेलच, वा सकाळीं त्याची खूण सांपडेलच, असें नाहीं. अमेरिकेच्या इलिनॉय संस्थानांत २०२१ सालीं एक वृद्ध गृहस्थ जागे झाले तों वटवाघूळ मानेवर! तपासणींत त्या प्राण्यास रेबीज असल्याचें ठरलें. गृहस्थांनीं उपचार नाकारले, आणि सुमारें महिन्यानें लक्षणें दिसून ते वारले. कॅनडांतील ऑंटेरिओ प्रांतांत एका बालकाच्या निजावयाच्या खोलींत वटवाघूळ आढळलें. अंगावर खूण नव्हती, म्हणून लस दिली गेली नाहीं. २०२४ सालीं तें बालक दगावलें. आईबापांस दोष देणें सोपें आहे, पण त्यांच्या जागीं बहुतेकांनीं तेंच केलें असतें.

हीं उदाहरणें दूरदेशचीं. भारतांत वटवाघळांपासून रेबीज होतो हें अद्याप निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं, आणि म्हणून आपल्या देशाच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेंत वटवाघळाच्या संपर्कासाठीं लसीची सरसकट शिफारस नाहीं. हें आम्ही मुद्दाम लिहितों. भीति वाढविणें हा आमचा हेतु नव्हे. परंतु सिद्ध न होणें निराळें, आणि नसणें निराळें. नागालँडमधील कांहीं वटवाघळांच्या रक्तांत या विषाणुकुलाविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आढळल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. श्रीलंकेंत तर मोठ्या वटवाघळांत रेबीजचा भाऊबंद असा विषाणूच सांपडला, आणि तीच जात आपल्या वडा-पिंपळांवर उलटी लटकलेली दिसते. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाचा प्रत्यक्ष संपर्क सर्वांत गंभीर वर्गांत धरते.

मग करावें काय? सर्व मंडळी जागी होती, वटवाघूळ खोलींत फिरून गेलें, कोणाच्या अंगास लागलें नाहीं, तर लस नको. विष्ठा अंगावर पडली तरी नको. तिच्यांतून रेबीज होत नाहीं. चावलें, ओरखडलें किंवा उघड्या हातानें धरलें, तर ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. कठीण प्रसंग मधला: तान्हें मूल निजलें आहे, आणि सकाळीं त्याच खोलींत वटवाघूळ सांपडतें. मूल कांहीं सांगूं शकत नाहीं. अशा वेळीं "खूण तर नाहीं" असा निकाल घरीं बसून देऊं नये. सर्व हकीकत डॉक्टरांपुढें मांडावी. आमचें मत विचाराल तर आम्ही लसीच्या बाजूस झुकूं. आजच्या लसीनें होणारा त्रास बहुधा हात दुखण्यापुरता असतो.

पोटांत चौदा सुया, ही आजोबांनीं सांगितलेली गोष्ट खोटी नव्हे, पण जुनी आहे. कसौली येथें १९११ च्या सुमारास डेव्हिड सेंपल यांनीं तयार केलेली ती लस जनावरांच्या मेंदूपासून बनत असे. २००५ पर्यंत ती आपल्याकडे बंद झाली. आजची लस दंडावर त्वचेंत देतात: पहिल्या दिवशीं, नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं. सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळते. जखम गंभीर असल्यास तिच्यांत व भोंवतीं निराळें प्रतिद्रव्य टोचतात.

कोणास स्पर्श झाला नसेल, तर वटवाघळास मारूं नये. तें आपल्याच शेतांतील किडे खातें. आंतलें दार लावावें, दिवा मालवावा, खिडकी उघडी ठेवावी. तें आपण होऊन जातें. चावलें असेल तर त्याचें डोकें ठेचूं नये, कारण तपासणी मेंदूचीच होते.

आणखी एक. जगांत माणसांस होणाऱ्या रेबीजपैकीं शंभरांतील नव्व्याण्णव प्रसंगीं कारण कुत्रा असतो. वटवाघळाच्या धास्तीनें रात्रभर जागणारें घर कुत्र्याच्या पिलाच्या ओरखड्यास हळद-चुना लावून स्वस्थ बसतें, हें आम्हांस अनेकदां दिसतें. त्या ओरखड्यासहि तेंच साबण-पाणी, तीच पंधरा मिनिटें, आणि दवाखाना त्याच दिवशीं.